टॉर्नेडो: एकोणपन्नास भंगारात गेली, पन्नासावं नव्याने बांधलं

मिरजकर_न्यूकॅसल

गेल्या आठवड्यात इथे जुन्या वाफेच्या इंजिनांचे फोटो आले होते. त्याखाली एकाने लिहिलं होतं, "आता असं इंजिन पुन्हा कोण बनवणार?" उत्तर लिहायला बसलो आणि ते लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. अशी इंजिनं बनतात. त्यातल्या एकाला मी पहिल्याच दिवशी डोळ्यांनी पाहिलंय.

३१ जानेवारी २००९. मी न्यूकॅसलला येऊन जेमतेम चार महिने झाले होते. थंडी अशी की बोटं खिशातून काढवत नव्हती, आणि स्टेशनवर मात्र जत्रा भरलेली. म्हातारे लोक, खांद्यावर नातवंडं, भिंतीला टेकून उभ्या सायकली. यॉर्कहून गाडी आली. पुढे टॉर्नेडो नावाचं हिरवंगार इंजिन, गुळगुळीत, कुठे ओरखडा नाही. ते शेजारून गेलं तेव्हा कोळशाचा धूर आणि गरम तेल असा मिळून एक वास आला, आणि मी मिरज जंक्शनवर आईचं बोट धरून उभा असलेला सात वर्षांचा मुलगा झालो. मीटरगेजचं वायपी वर्गाचं इंजिन लागायचं तिथे. पण ते इंजिन म्हातारं, काळवंडलेलं असायचं. वाफेचं इंजिन *नवंकोरं* असू शकतं हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आता त्याची गोष्ट.

आर्थर पेपरकॉर्न हे लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे शेवटचे चीफ मेकॅनिकल इंजिनियर. लंडन ते एडिंबरा या मार्गावरच्या जड एक्स्प्रेस गाड्या ओढायला त्यांनी ए-वन वर्गाचं इंजिन आखलं. इंजिनं बांधून बाहेर पडली १९४८-४९ मध्ये, तोवर रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. डॉनकास्टरला २६, डार्लिंग्टनला २३, मिळून ४९. तीन सिलिंडर, सहा फूट आठ इंच व्यासाची चाकं, कमी देखभालीत भरपूर काम. पण डिझेल आलं आणि १९६६ पर्यंत सगळीच्या सगळी भंगारात गेली. शेवटच्यातलं एक वाचवायची खटपट झाली, पण पैसे उभे राहिले नाहीत. जेमतेम पंधरा-सतरा वर्षांचं आयुष्य. इंजिनाच्या हिशेबात हे ऐन तारुण्यात जाणं आहे.

१९९० मध्ये काही मंडळी एकत्र आली आणि म्हणाली, वाचलं नाही ना, मग नवं बांधू. पैसे कुठून? त्यांची हाक साधी होती: आठवड्याला एका बिअरच्या ग्लासाचे पैसे द्या. तेव्हा ते सव्वा पौंड होत. आपल्याकडच्या भिशीसारखंच, फक्त इथे नंबर कधीच लागायचा नव्हता. लोकांनी वर्षानुवर्षं हे पैसे दिले. १९९४ मध्ये लीड्सला पोलादी पत्र्यातून फ्रेम कापली गेली आणि कामाला सुरुवात झाली. १९९७ पासून काम डार्लिंग्टनमधल्या १८५३ सालच्या जुन्या कॅरेज वर्क्सच्या इमारतीत चाललं. २००८ मध्ये इंजिन स्वतःच्या वाफेवर हललं. चौदा वर्षं आणि सुमारे तीस लाख पौंड.

मला सगळ्यात भावलेली गोष्ट त्याचा नंबर. मूळ वर्गाचे नंबर ६०११४ ते ६०१६२. टॉर्नेडोचा नंबर ६०१६३. म्हणजे बांधणाऱ्यांनी त्याला प्रतिकृती मानलंच नाही. मधे साठ वर्षांचा खंड पडला एवढंच, बॅचमधलं पुढचं इंजिन आता बाहेर आलं. जानेवारी २००८ मध्ये त्याच्या बॉयलरखाली पहिला जाळ पेटवायला पेपरकॉर्न यांच्या पत्नी डोरोथी आल्या होत्या. नवरा १९५१ मध्येच गेलेला. त्याच्या इंजिनांतलं एकही शिल्लक राहिलेलं नाही, आणि मग एक दिवस आपल्याच हाताने नव्या इंजिनात आग घालायची. हा प्रसंग लिहितानाही मला गलबलून येतं.

बाकी तांत्रिक बाबींवर चर्चेत बोलू. इथे रेल्वेतले आणि कारखान्यांतले बरेच जण आहेत, त्यांनी लिहावं.

कोल्हापुरी_ओतकाम

मिरजकर, धागा वाचून राहवलं नाही. आमची तिसरी पिढी ओतकामात. आजोबांनी उद्यमनगरात सुरुवात केली, आता शिरोलीला आहोत.

लोकांना वाटतं ड्रॉइंग मिळालं की झालं. ड्रॉइंग सांगतं की *तयार* भाग केवढा असावा. तो ओतायचा कसा हे त्यात नसतं. पोलाद निवताना साधारण दोन टक्के आटतं. म्हणजे एवढ्या चाकाचा लाकडी पॅटर्न, साचा ज्यावरून घेतात तो नमुना, तीन-चार सेंटिमीटर मोठा करावा लागणार. पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते, आटण धरून मोठे केलेले सेंटिमीटर तिच्यावर कोरलेले असतात. आजोबांची तशी पट्टी अजून आमच्या कपाटात आहे. एकदा मी लहानपणी ती शाळेत नेली आणि भूमितीच्या तासाला माझी सगळी उत्तरं चुकली होती.

आणि चाक ही ओतायला फार अवघड वस्तू. मधला तुंबा जाड, आरे बारीक, बाहेरचं कडं पुन्हा जाड. बारीक भाग आधी निवतो, जाड भाग मागून आटत त्याला ओढतो, आणि आऱ्याच्या मुळाशी तडा जातो. रायझर, म्हणजे आटताना कमी पडणारा धातू पुरवणारा जादा साठा, कुठे ठेवायचा, धातू कुठून सोडायचा, साचा किती वेळाने फोडायचा, हे ज्याने शेकड्याने चाकं ओतली त्यालाच ठाऊक. ती माणसं साठच्या दशकातच निवृत्त झाली असणार. यांनी सहा मोठी चाकं ओतून घेतली, हे मला अख्ख्या इंजिनापेक्षा मोठं वाटतं.

एक विचारायचं होतं. चाकाच्या बाहेरून पोलादी टायर चढवतात ना? आम्ही त्याला धावच म्हणू. लहानपणी गावी लोहाराकडे बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना पाहिलंय. गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी धाव लाल करायची, चार माणसांनी चिमट्यांनी उचलून चाकावर ठेवायची, वर पाणी ओतलं की ती चरचरत आवळायची आणि लाकडाचे सांधे कटकन बसायचे. इंजिनाचं तत्त्व तेच का?

मिरजकर_न्यूकॅसल

अगदी तेच, दादा. मीटरमागे साधारण एक मिलिमीटर या हिशेबाने टायर आतून कमी व्यासाचा ठेवतात, तापवून फुगवतात, चाकावर उतरवतात आणि आपोआप निवू देतात. पाणी मात्र ओतत नाहीत. टॉर्नेडोची चाकं शेफिल्डच्या एका ओतशाळेने ओतली, पण टायर थेट दक्षिण आफ्रिकेहून आणावे लागले. "बैलगाडीची धाव" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता इथल्या मित्रांना हेच उदाहरण देईन.

तीन सिलिंडरांमुळे आणखी एक काम वाढतं. दोन सिलिंडर बाहेर दिसतात, तिसरा फ्रेमच्या मधे असतो आणि तो पुढच्या मोठ्या चाकांचा आस फिरवतो. म्हणून तो आस सरळ नसतो, मधे कोपरासारखा वळलेला असतो.

अनघा_वि

मी इंजिनियर नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटेल. ड्रॉइंग होती, पैसे जमले, तरी चौदा वर्षं का लागली? आणि बॉयलर म्हणे जर्मनीत बनला. ज्या देशाने जगाला वाफेचं इंजिन दिलं त्याला बॉयलर बाहेरून का आणावा लागला?

मिरजकर_न्यूकॅसल

अनघाताई, प्रश्न मुद्द्याचा आहे. वर्षं लागली कारण पैसे थेंबथेंब यायचे आणि जेवढे येत तेवढंच काम पुढे सरकायचं. ड्रॉइंग यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात होती, हजाराच्या वर. ती सगळी स्कॅन करून तपासावी लागली.

बॉयलरचं म्हणाल तर एवढा मोठा बॉयलर नव्याने करू शकेल असा कारखाना तेव्हा ब्रिटनमध्ये उरलाच नव्हता. जर्मनीत माइनिंगेन नावाच्या गावात जर्मन रेल्वेचा वाफेच्या इंजिनांचा कारखाना टिकून होता. पूर्व जर्मनीत वाफ उशिरापर्यंत चालली, त्यामुळे तिथली माणसं आणि त्यांचं कसब शाबूत राहिलं. बॉयलरसाठी संस्थेने पाच लाख पौंडांचे रोखे काढले आणि २००६ मध्ये बॉयलर आला. जुन्या इंजिनांत फायरबॉक्स, म्हणजे आग जळते ती पेटी, तांब्याचा आणि सांधे रिव्हेटचे असत. इथे सगळं पोलाद आणि वेल्डिंग.

हा बदल सुखासुखी पचला नाही हेही सांगायला हवं. दोन वर्षांतच फायरबॉक्सचे स्टे तुटायला लागले. स्टे म्हणजे आतली आणि बाहेरची भिंत एकमेकींना धरून ठेवणाऱ्या कांड्या, आणि त्या शेकड्याने असतात. बॉयलर पुन्हा माइनिंगेनला न्यावा लागला. तांबं मऊ असतं, तापलं-निवलं तरी सहन करतं. पोलाद ताठ. ड्रॉइंग तेच ठेवून धातू बदलला की इंजिनाचा स्वभाव बदलतो.

काही बदल नाइलाजाचे होते. वर विजेच्या तारा आल्या म्हणून उंची इंचभर कमी केली. पूर्वी रुळांच्या मधे पाण्याचे लांब हौद असायचे आणि धावत्या गाडीतून पाणी उचललं जायचं. ते हौद आता नाहीत, म्हणून टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, पाच हजारांऐवजी सुमारे बासष्टशे गॅलन पाणी आणि कोळसा नऊ टनांवरून साडेसात टन. शिवाय आजच्या सिग्नलशी बोलणारी उपकरणं, रेडिओ, नोंदी ठेवणारा रेकॉर्डर. हे सगळं अंगावर घेऊन ते एप्रिल २०१७ मध्ये एका रात्री चाचणीत ताशी शंभर मैलांच्या वर गेलं, म्हणजे १६० किलोमीटर.

पूर्णाकर

माझे वडील पूर्णा शेडला फायरमन होते, पुढे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. मनमाड ते नांदेड मीटरगेजवर वायजी आणि वायपी वर्गाची इंजिनं चालवली. आता ब्याऐंशीचे आहेत. हा धागा त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहितो.

"इंजिन बांधतील, पण चालवायला माणूस कुठून आणतील ते विचार."

मी म्हटलं, बाबा, शिकतात की लोक. त्यावर ते बराच वेळ बोलत होते. आगीवर कोळसा नुसता फेकायचा नसतो, पसरायचा असतो, पातळ, आणि कडेला थोडा जास्त. उजेडाने डोळे दिपतात, आगीतलं भोक दिसत नाही. मग फावडं उलटं करून दारात धरायचं, त्याच्यावरून आत गेलेली हवा ज्वाला बाजूला सारते आणि कुठे आग विरळ झाली ते तेवढ्यापुरतं दिसतं. तेवढ्यात पुढचं फावडं कुठे टाकायचं ते ठरवायचं. चढ यायच्या आधीच आग तयार हवी, चढावर पोचल्यावर कोळसा टाकून उपयोग नाही, वाफ उसनी मिळत नाही. आणि सारखी नजर पाण्याच्या काचेवर. पाणी खाली गेलं की फायरबॉक्सच्या माथ्यावरचा लेड प्लग, म्हणजे शिशाचं बूच, वितळतो आणि वाफ आगीवर येते. लेड प्लग उडवलेला फायरमन शेडमध्ये तोंड दाखवू शकत नसे.

आईने सांगितलेली एक आठवण माझ्याकडून. बाबा ड्युटीवरून आले की त्यांच्या डाव्या हाताचे केस कधीच नसायचे, जळून गेलेले. लग्नानंतर कितीतरी महिने तिला वाटायचं की त्यांचा हात जन्मापासून तसाच आहे.

डोंगरवाट

पूर्णाकर, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

एक भर घालते. नवं वाफेचं इंजिन पाहायला इंग्लंडला जायची गरज नाही. मागच्या मे महिन्यात आम्ही निलगिरीच्या गाडीने गेलो, मेट्टुपालयम ते उदगमंडलम म्हणजे ऊटी, ४६ किलोमीटर. कल्लारपासून कुन्नूरपर्यंत रुळांच्या मधे दातेरी पट्टी आहे, कारण चढ बारा फुटांना एक फूट आहे. इंजिन गाडीच्या मागे असतं, खालून ढकलत नेतं. या मार्गाची एक्स वर्गाची इंजिनं स्वित्झर्लंडच्या विंटरथूरहून आली, पहिली १९१४ ची. चार सिलिंडर. वाफ आधी दोन सिलिंडरांत काम करून साधी चाकं फिरवते आणि तीच वाफ पुढे दुसऱ्या दोन सिलिंडरांत जाऊन दातेरी चक्रं फिरवते.

ही इंजिनं थकली तेव्हा तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने त्याच जुन्या आराखड्यावर नवी बांधली. आधी तेलावर चालणारी चार, आणि २०२१ मध्ये कोळशावर चालणारं एक्स ३७३९९. रेल्वेच्या कारखान्यात, पगारी कामगारांनी, रोजची गाडी ओढायला! कुन्नूरला इंजिन पाण्यासाठी थांबलं तेव्हा मी खाली उतरून दांड्यांजवळ गेले. एक कामगार लांब चोचीच्या तेलाच्या डब्याने प्रत्येक सांध्यात तेल घालत होता आणि दुसऱ्या हाताची पालथी बाजू बेअरिंगला लावून पाहत होता. माझी आजी तापाचा अंदाज अशीच घ्यायची.

सातपुड्याचा

मला वेगळं म्हणायचंय, कुणी राग मानू नये. आमच्या जिल्ह्यात एका स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर इंजिन उभं आहे. पितळेची एकही वस्तू उरलेली नाही, गेजच्या जागी भोकं आहेत, आणि दर दोन-तीन वर्षांनी गंजावरच काळा रंग मारतात. मी दोनदा अर्ज केला, उत्तर आलं नाही. जे आहे ते सांभाळता येत नसेल तर नवं बांधण्याचं कौतुक मला टोचतं. तीस लाख पौंडांत अशी किती इंजिनं वाचली असती? शिवाय कोळसा जाळणं आज कितपत योग्य?

मिरजकर_न्यूकॅसल

राग कसला, तुमचं दुखणं खरं आहे. पण नवं आणि जुनं एकमेकांचे पैसे खातात असं माझ्या पाहण्यात नाही. टॉर्नेडोसाठी शिकलेली माणसं जुन्या इंजिनांचीही कामं करतात. त्याच संस्थेने लगेच दुसरं इंजिन हाती घेतलं, त्याच रेल्वेचे आधीचे चीफ इंजिनियर ग्रेस्ली यांच्या १९३४ च्या पी-टू वर्गाचं, आठ मोठ्या चाकांचं. ब्लूबेल या इथल्या हौशी रेल्वेच्या कारखान्यात बीची हेड नावाचं अटलांटिक वर्गाचं इंजिन २०२४ मध्ये पुरं झालं. बांधायला येतं त्यालाच दुरुस्त करता येतं. चौथऱ्यावरचं इंजिन मरतं कारण ते उघडून पुन्हा बसवू शकणारा माणूस जवळपास नसतो.

कोळशाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत आहे, चिंता खरी आहे. वेल्समधली फॉस-इ-फ्रान ही खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली, त्यामुळे इथल्या हौशी रेल्वे आता कोळसा बाहेरून आणतात आणि वनस्पतीजन्य इंधनाच्या विटा जाळून पाहतात. वर्षाकाठी मोजक्याच फेऱ्या होतात, तरी हा प्रश्न टाळून चालणार नाही.

कोल्हापुरी_ओतकाम

सातपुड्याचा, ते स्टेशन कुठलं ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा. गेजची पितळी कव्हरं, नळाच्या मुठी, नंबरपाटी, एवढं आम्ही ओतून देऊ. पैसे नकोत. परवानगीचं तेवढं तुम्ही बघा.

अनघा_वि

वाचता वाचता एक विचार आला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी गेली, ती साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढली. लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीत बनलेली. तिन्हींतलं एकही उरलेलं नाही. त्यातलं एखादं बांधता येणार नाही का?

मिरजकर_न्यूकॅसल

अनघाताई, हे माझ्या मनात कितीतरी वर्षं आहे! पेपरकॉर्नच्या इंजिनाची ड्रॉइंग होती, म्हणून तिथे पाया पक्का होता. ड्रॉइंग नसली तरी वाट बंद होत नाही. अमेरिकेत १८६९ मध्ये पूर्व-पश्चिम रेल्वे यूटातल्या प्रॉमंटरीला जोडली गेली, तेव्हा ज्युपिटर आणि ११९ नंबर ही दोन इंजिनं समोरासमोर उभी होती. दोन्ही पुढे भंगारात गेली. ड्रॉइंग शिल्लक नव्हती. तरी फोटोंवरून मापं काढत, शेकडो नवी ड्रॉइंग करत दोन्ही पुन्हा बांधली आणि १९७९ पासून ती तिथे वाफेवर चालतात. साहिब-सुलतानही टॉर्नेडोच्या मानाने लहान इंजिनं. चारच मोठी चाकं, पुढे दोन लहान, कमी दाबाचा बॉयलर. ओतकाम कोल्हापुरात, यंत्रकाम पुण्यात, आणि रेल्वेचं जुनं कसब परळच्या वर्कशॉपमध्ये. हे इथेच, महाराष्ट्रात होऊ शकतं असं मला मनापासून वाटतं.

कोल्हापुरी_ओतकाम

चाकं आमची. लिहून ठेवा.

पूर्णाकर

आज दुपारी बाबांना टॉर्नेडोचा व्हिडिओ लावून दिला. त्यांना आता लांबचं नीट दिसत नाही, म्हणून ते डोळे मिटूनच ऐकत होते. गाडी स्टेशनातून निघाली. बाबा मांडीवर बोटाने ताल धरत होते, मधेच थांबले. म्हणाले, "याचा ठोका वेगळा आहे. आपलं इंजिन चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके देतं. हे सहा देतंय. याला आत अजून एक सिलिंडर आहे का?"

तीन सिलिंडरांचा भाग मी त्यांना वाचून दाखवलाच नव्हता. अवघड वाटला म्हणून गाळला होता.

आता पुन्हा लाव म्हणतायत. चढावरचा हवाय.